रोलरखालचा दगड

मी रोलर. डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलाच्या बेसबॉल मैदानावर राहतो. गुरुदास वेल्डरने डांबराच्या रिकाम्या पिंपात काँक्रीट ओतून मला जन्माला घातलं, म्हणजे रूपाचं नावच नको. पण वजनात मी कुणाला ऐकणारा नव्हतो. मला ओढायचं काम शाळेच्या शिपायाचं, सगुणाचं. "चल रे जाड्या," म्हणायचा आणि अनवाणीच दांडा धरायचा.

बेसबॉलचं मैदान म्हणजे डोक्याला ताप. पाऊस पडून गेला की दुसऱ्या बेसजवळ तळं, ऊन पडलं की तिथेच भेगा. चुन्याच्या ताज्या रेघांवर गुरं येऊन बसायची. सगुण सकाळी जमीन सारखी करायचा, संध्याकाळी पोरं उकरून ठेवायची. ती बेसवर नुसती धावत पोचत नाहीत ना, छातीवर घसरत जातात. सगळ्यांत जोरात घसरायची विनोदिनी, सगुणाची नात.

एका वर्षी तालुक्याचा सामना आमच्याकडे होता आणि ऑक्टोबर सरत आला तरी पाऊस हटेना. शेवटी सगुणाने तेच केलं जे आमच्याकडे सगळेच करतात. अंगण असो की वाट, खड्डा दिसला की खाणीची माती टाका. शेजारचा शिवदास खाणीवर ट्रक चालवायचा, त्याने लाल माती आणून ओतली. खड्डा बुजला. पण त्या मातीत खनिजाचे धारदार दगड असतात. सगुणाने ते दाताळ्याने ओढून वेचले, जमतील तेवढे. सामना दुसऱ्या दिवशी होता आणि मुख्याध्यापिका कमलाक्षीबाई कुंपणापाशी घड्याळ बघत उभ्या होत्या.

मग त्याने मला ओढलं. दुसऱ्या बेसपाशी माझ्या पोटाखाली कट्ट वाजलं. दगड होता. धार वर करून तो दबला आणि त्याच्यावर मातीचा पातळ थर बसला. सगुण थांबला. त्यानेही ऐकलं होतं.

"झालं का हो?" बाईंनी विचारलं.

"झाला बाई," तो म्हणाला आणि दांडा सोडून निघून गेला.

विनोदिनी छाती टेकणार ती नेमकी तिथेच. हे मला ठाऊक, सगुणाला ठाऊक, आणि त्याने तोंड शिवून घेतलेलं. मला तर तोंडच नाही.

सकाळी दोन्ही संघ माझ्याभोवती जमले. आमच्याकडे खेळाआधी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचे आणि नारळ माझ्यावर फोडायचे. गाऱ्हाणं घालायचा मान सगुणाचा. त्यात खोटं बोललेलं चालत नसे.

"बा राखणदारा, आज ही पोरां तुझ्या मैदानार खेळतत."

"व्हय म्हाराजा," पोरं ओरडली.

"त्यांच्या अंगाक खरचटा सुद्धा लागाक देव नको."

"व्हय म्हाराजा."

"मैदान मी माझ्या हातान साफ केलंय. एक दगड सुद्धा..." आणि तो अडकला. बाई त्याच्याकडे बघायला लागल्या. सगुणाने मान खाली घातली. "एक दगड रवलो हा. दुसऱ्या बेसाकडे. माका ठावक होता, तरी मी गप रवलंय."

मला वाटलं, गेली ह्याची नोकरी. मग विनोदिनी एकटीच हळू आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

पोरांनी खणलं. दगड निघाला, अर्ध्या नारळाएवढा. सामना दोन तास उशिरा सुरू झाला. विनोदिनी त्याच जागी घसरली आणि हसत उठली. सगुण माझ्या दांड्याला टेकून रडत होता.

आता सगुण नाही. माझा पत्रा गंजलाय. नवा माणूस बूट घालून, कानात गाणी लावून मला ओढतो. गाऱ्हाणंही बंद झालं. परवा पुन्हा खाणीची माती पडली. काल तिसऱ्या बेसपाशी माझ्या पोटाखाली कट्ट वाजलं, आणि तो थांबला नाही.

उद्या सामना आहे. एवढं ऐका माझं. पोरांना सोडण्याआधी कुणीतरी एकदा अनवाणी चालून बघा.