सव्वीस इंचांवरून सतरा

मी एक नळी बोलतेय, विमानाच्या इंजिनाला हवा पाजणारी. तुम्ही स्वस्थ बसून ऐका. स्वस्थ बसणं माझ्या नशिबी नाही.

जन्माने मी शेताला पाणी देणारी, ॲल्युमिनियमची. अमेरिकेत, आर्कान्सातल्या एका भंगारवाल्याकडे वेंडेल टॅकेटने मला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि उचललं. त्याचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान, माल पारखायची सवय. घरामागच्या शेडमध्ये नऊ वर्षं खपून त्याने दोन माणसांचं विमान बांधलं होतं. इंजिन जुन्या मोटारीचं, दट्ट्या नसलेलं. आत दोन तिकोनी चक्रं गरगरतात. एकाला मी हवा देते, दुसऱ्याला माझी जुळी बहीण.

एका चक्राचं दार मिटलं की हवा मागे उसळते. ती लाट आमच्यातून धावत, दुसरं दार मिटायच्या आत तिथे पोचली, तर इंजिनाला एक घास जास्त मिळतो. सगळा खेळ आमच्या लांबीचा.

विमान एकट्या वेंडेलला घेऊन उडायचं. पण शेजारची जागा त्याने बायकोला, व्हर्लीनला, कबूल केली होती. कुरणाच्या टोकाला पेकनची उंच झाडं. दोघांना घेऊन ती ओलांडायची, तर विमान जागेवर उभं असताना इंजिनाच्या काट्याने मिनिटाला बावन्नशे फेऱ्या दाखवायला हव्यात. तो पाच हजारांवर अडायचा. व्हर्लीनचे गुडघे दरसाल जास्त कुरकुरत होते. पंखावर चढणं फार दिवस जमणार नव्हतं.

वेंडेलचा दोस्त ल्यूथर प्रुइट शर्यतीच्या गाड्यांतला. म्हणाला, "काप लेका. आखूड नळी, जास्त ताकद. आमच्या गाड्या काय उगाच जिंकल्या?"

दर शनिवारी करवत. आम्ही सव्वीस इंचांच्या बावीस झालो, काटा उतरला. "उकाडा आहे आज," ल्यूथर म्हणाला. बावीसचे सतरा झाले, काटा सत्तेचाळीसशेवर. "पेट्रोल शिळं दिसतंय."

एकदा कापलं की माणसाला थांबवत नाही. थांबलं तर आधीचं चुकलं म्हणावं लागतं.

आकडे व्हर्लीन वहीत टिपायची. तिसऱ्या शनिवारी तिने करवतीवर हात ठेवला. "दर कापणीला आकडा खाली. पेट्रोल काय शनिवार बघून शिळं होतं?"

"अगं, गाडीत इंजिन आठ हजारांवर पळतं," ल्यूथर म्हणाला.

"आणि हा पुढचा पंखा त्याला सहा हजारांवर तरी जाऊ देतो का?"

ल्यूथरने टोपी काढून आत पाहिलं, जणू उत्तर तिथे ठेवलं होतं. वेंडेल खाली बसला. "इंजिन सावकाश फिरतंय, आणि लाट आपण घाईने पाठवतोय," तो हळूच म्हणाला. "नळी लांब करायला हवी होती."

आम्हा दोघींना नवे तुकडे जोडले, रबरी जोड आवळले. तीस इंच. काटा साडेबावन्नशेवर गेला. स्वयंपाकघरातलं स्टूल आणून व्हर्लीन चढली. पेकनचे शेंडे पोटाखालून सरकले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता दोन्ही हात सुकाणूच्या दांड्यावर ठेव."

आता मी तुकड्या-तुकड्यांची आहे. उष्णतेने रबर कडक होतंय, थरथर थांबत नाही. एक जोड सुटला तर त्या झाडांवरच ताकद जाईल. वेंडेल, निघण्याआधी माझे जोड बोटांनी चाचपत जा. शेजारची जागा आता रिकामी नसते.