मंगळ माघारी आणणारा बुवा

"सरकला! आणखी सरकला!"

रत्नागिरीजवळच्या आऱ्याच्या पुळणीवर सगळी खारवीवाडी माना वर करून उभी होती. सन १९३३, शिमगा चार दिवसांवर आलेला. पूर्वेला डोंगराच्या माथ्यावर तांबडाबुंद मंगळ चढला होता आणि त्याच्या वर मघा नक्षत्राचा तारा लुकलुकत होता. रोज दिवेलागणीनंतर हा मेळावा भरायचा, कारण ग्रहानंद बुवा मंगळाला मागे ओढत होते.

"मूठ धरा रे!" बुवा गरजले. "पौषी अवसेला ताऱ्यात नि मंगळात दोन मुठींचं अंतर होतं. आज किती?"

दाजी तांडेलाने एक डोळा मिटून हात लांब केला आणि मूठ आभाळाला लावली. दर्यावर अंतर मोजायची खारव्यांची हीच पट्टी. "एक मूठ," तो म्हणाला. "तीपण पुरती नाय."

"भौम भौम, मुरड मुरड, ठं ठं फट्!" बुवांनी चिमटा खणखणवला आणि मांडीवरच्या लाल फडक्यातल्या पोथीला कपाळ टेकलं. माणसांनी वाळूत लोटांगणं घातली. हा बुवा पालीच्या बाजारातून आला तेव्हा त्याच्या पोटाला खळगा होता. आता वाडीच्या पापलेटांवर चांगलं बाळसं धरलं होतं मेल्याने! ग्रह ओढायला ताकद लागते ना!

गुणवंती या गर्दीतच होती, पण तिने मूठ धरली नाही. दिवाळीनंतरच्या तुफानात तिचा नवरा भिवा दाजीच्या मचव्यावरून लाटेसरशी गेला. देह लागला नाही. तेव्हापासून तिला ना रडू आलं, ना भूक लागली. उठायचं, पाटी भरायची, बाजार करायचा, निजायचं. मासळीचे वाटे पडायचे तेव्हा दाजी न चुकता भिवाचा वाटा वेगळा काढायचा आणि ती तो मुकाट्याने उचलायची. वाटा निघतोय म्हणजे माणूस आहे, एवढंच तिच्या मनाला कळत होतं.

बुवाने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. "तुझ्या शकूचा मंगळ बापाला भोवला. मी मंगळ माघारी आणतो, त्याच्यामागून भिवा माघारी येईल. त्याबदली होळीच्या रात्री पोर माझ्या मठात सेवेला द्यायची. जन्मभर." गुणवंतीने मान हलवली होती. तिने त्या दिवसांत कशालाही मान हलवली असती. पंधरा वर्षांची शकू रडरड रडली, आईच्या पायांना मिठी मारून बसली. आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली, आणि त्या हाताला काही जाणवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराची होडी रत्नागिरीकडे निघाली. तिच्यात पाटी घेऊन गुणवंती होती आणि शाळेतून निवृत्त झालेले आप्पा मास्तर होते. वारा भरपूर. किनाऱ्याच्या अंगाने लवूचा पडाव त्याच दिशेला चालला होता, चिऱ्यांनी भरलेला, जड.

"गुणवंते," मास्तर म्हणाले, "लवूचा पडाव कुठे दिसतोय?"

"त्या काठावरच्या आंब्याच्या पुढं."

थोड्या वेळाने त्यांची होडी पडावाच्या बरोबरीला आली आणि पुढे सटकली.

"आणि आता?"

गुणवंतीने किनाऱ्याकडे पाहिलं. "आंब्याच्या मागं गेला."

"म्हणजे लवू मागे वळला?"

"ह्यॅ! काय मास्तर, येवढी वर्षं काठावर राहून! लवू फुडंच चाललाय. आपली होडी बेगीन चालते, आपण त्याला मागं टाकला, म्हणून तो काठाशी मागं सरकल्यासारखा दिसतो. पोरंटोरंपण सांगतील."

"मग मंगळाचं काय?"

तिने पडावावरची नजर काढून मास्तरांकडे वळवली.

"आंब्याच्या जागी मघा धर," मास्तर म्हणाले. "लवूच्या जागी मंगळ. तोही सूर्याभोवती फिरतोय, आपली पृथ्वीपण फिरतेय, नि आपली होडी बेगीन चालते. दर दोनेक वर्षांनी आपण त्याला गाठतो नि मागे टाकतो. जुन्या ज्योतिष्यांनीही डोकी खाजवली यावर. पृथ्वी हलत नाही असं धरलेलं, मग मंगळ उलटा का जातो? त्यातल्या कित्येकांनी मोठ्या चाकावर एक लहान चाक बसवलं, नि मंगळ त्या लहान चाकावर फिरत मोठ्यावरून जातो म्हणाले. गणित बऱ्यापैकी जमायचं हो, वक्री, म्हणजे उलटा, कधी होणार तेही आधी सांगायचे. फक्त आपणच होडीत बसलोय, हे ध्यानात यायला फार काळ गेला."

"म्हंजे मंगळ मागं येत नाय?"

"नाही गो."

"कोणच मागं येत नाय," गुणवंती म्हणाली. बंदर येईपर्यंत ती त्या पडावाकडे बघत बसली.

संध्याकाळी पुन्हा मेळावा भरला. बुवांनी चिमटा उचलला, तशी गुणवंती पुढे झाली.

"बुवा, मंगळ तुमच्या हातात हाय ना? मग आज त्याला जरा फुडं ढकला. चार बोटं."

"ग्रह म्हणजे काय तुझं मांजर आहे, बये?"

"मांजर नाय, तर मग रोज शेपटी कशाला ओढताव?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. आप्पा मास्तरांनी खिशातून पंचांग काढलं. "गेल्या गुढीपाडव्याच्या आधी छापलेलं आहे हे. वाचतो: पौष वद्य, मंगळ वक्री. बुवा वाडीत यायच्या दहा महिने आधी छापखान्याला ठाऊक होतं! बुवा, तुमची पोथी बघू."

"खबरदार! विटाळेल! भस्म व्हाल!"

दाजीने ती सरळ उचलली आणि लाल फडकं सोडलं. आत तेच पंचांग होतं, त्याच छापखान्याचं, आणि त्या ओळीवर कुंकवाची रेघ ओढलेली. इतके दिवस वाडीने लोटांगणं घातली ती बाजारात मिळणाऱ्या पंचांगाला! बुवांनी चिमटा तिथेच टाकला आणि पालीच्या वाटेला लागले. कुणी भस्म झालं नाही.

गुणवंती माणसांकडे वळली. "आपल्या होडीतनं लवूचा पडाव मागं जाताना बघून आपण कधी त्याच्या पाया पडलाव? नाय. मग वरती बघताना अक्कल घरी कशाला ठेवताव? कोण काय हलवल्याचं सांगाया लागला, तर आधी इचारा, हलतंय कोण?"

मग ती दाजीपाशी गेली.

"दाजी, उद्यापासून भिवाचा वाटा काढू नको."

दाजीची मान खाली गेली. "माज्या हातातनं सुटला गो तो," तो म्हणाला.

"ठाव हाय मला. तुजी जाळी फाटलीत ना? मी नि शकू ती सांधू. त्या कामाचा वाटा आमाला काढ."

शकूने धावत येऊन तिचा हात धरला. पोरीची बोटं थंडगार होती. चार महिन्यांत पहिल्यांदा गुणवंतीला कशाचा तरी गारवा जाणवला, आणि ती तिथेच वाळूत बसून मोठ्याने रडली.