कातड्यापर्यंतचं माप

मी पटर बोलतोय. गोल्फच्या काठ्यांच्या पिशवीतला सगळ्यात बुटका, सपाट तोंडाचा जो दिसतो, तो मी. लांब फटके मारणारे माझे भाऊबंद वेगळे. ते चेंडू आभाळात धाडतात आणि लोक तोंडात बोटं घालतात. चेंडू हिरवळीवर, त्या वाटीएवढ्या भोकाच्या जवळ आला की मग माझी आठवण होते. तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही. सगळे गप्प उभे राहतात, मी हलकेच ढकलतो आणि चेंडू आत पडला की 'टुक' असा आवाज होतो. एवढ्याशा आवाजासाठी माझा जन्म.

माझं डोकं पितळेचं, दांडा पोलादी. पहिल्या मालकानं मला मोठ्या हौसेनं घेतलं आणि चुकलेल्या प्रत्येक चेंडूचं खापर माझ्यावर फोडलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. शेवटी त्यानं मला जुन्या सामानाच्या दुकानात देऊन टाकलं. तिथे एका पिंपात, मोडक्या छत्र्या आणि पडद्याचे दांडे यांच्या संगतीत मी बरेच दिवस काढले.

तिथून मला उचललं मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एक डोळा मिटून त्यांनी माझा दांडा न्याहाळला आणि म्हणाले, "सरळ आहे. मूठ आपण करू." घरी नेऊन त्यांनी माझी कुजलेली रबरी मूठ काढली आणि कुणाच्या तरी कोटाच्या कोपरांना लावून उरलेलं कातडं बारीक टाक्यांनी माझ्या दांड्यावर शिवलं. त्या शिवणीचा एक टाका आजवर उसवलेला नाही.

मास्तरांचं एक हौशी मंडळ होतं. दातांचे डॉक्टर, शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई आणि आणखी काही जण. खेळायचे यथातथाच, बोलायचे मात्र भरपूर. वर्षातून एकदा त्यांची आठवडाभर मैत्रीची स्पर्धा चाले. रोज जोड्या लागत, एकाविरुद्ध एक. जिंकणाऱ्याला पोचे पडलेला एक कप मिळे. हेडबाईंच्या घरी तो वर्षभर चमचे ठेवायला होता, डॉक्टरांच्या घरी दाढीचा ब्रश ठेवायला.

या मंडळींचा एक रिवाज होता. चेंडू भोकाच्या अगदी जवळ आला, तर समोरचा म्हणायचा, "दिला." म्हणजे आता मारायची गरज नाही, आत गेला असं धरू. पण जवळ म्हणजे किती? त्यावरून भांडणं होत, म्हणून त्यांनी माझं माप ठरवलं. माझं डोकं भोकाच्या काठाला टेकवून मला गवतावर आडवं निजवायचं. माझं कातडं जिथे सुरू होतं, त्याच्या आत चेंडू असेल तर दिला, बाहेर असेल तर गपगुमान मारायचा. माझीच निवड झाली, कारण माझ्या कातड्याची कड सरळ रेषेत शिवलेली होती.

डॉक्टर तर या बाबतीत महाचिकट. एकदा ते पालथे पडून चेंडू आत आहे की बाहेर ते बघत होते, तेव्हा मास्तर म्हणाले, "पेशंटच्या तोंडात एवढं वाकून बघत असाल तर बरं." सगळे हसले, पण डॉक्टरांनी तो चेंडू दिला नाही तो नाहीच.

मग मास्तरांचे हात थरथरू लागले. आधी सुईत दोरा जाईना, मग कात्री खडूच्या रेघेवरून सरकू लागली. एका गिऱ्हाइकाचं कापड वाया गेलं आणि मास्तरांनी दुकानाचं शटर ओढलं ते कायमचं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "अहो, यंदा स्पर्धेला नाही गेलात तर नाही का चालणार?" मास्तर मला पुसत म्हणाले, "एकदा जाऊ दे. एक चेंडू माझ्या हातानं आत पडलेला ऐकतो, मग याला कोपऱ्यात ठेवतो. शपथ."

पहिल्या दिवशी समोर हेडबाई होत्या. मास्तरांचा चेंडू हिरवळीवर आला, मास्तरांनी मला पिशवीतून काढलं, मुठीवर बोटं आवळली. त्यांची थरथर माझ्या पितळी डोक्यापर्यंत पोचली. तेवढ्यात हेडबाई म्हणाल्या, "दिला, मास्तर." चेंडू माझ्या कातड्यापासून चांगला पाऊलभर बाहेर होता. मास्तरांनी चेंडूकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि मला परत पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रोज माप वाढत गेलं. यामागचं कारण मी चहाच्या टपरीच्या भिंतीला टेकून स्वतः ऐकलं. डॉक्टर बाकीच्यांना सांगत होते, "त्यांना पटरला हात लावू द्यायचा नाही. चारचौघांत माणसाची शोभा नको." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाच्याही मनात पाप नव्हतं.

मास्तर जिंकत गेले आणि मी पिशवीत पडून राहिलो. संध्याकाळी काकू दार उघडत विचारायच्या, "पडला का आत?" मास्तर बूट सोडत म्हणायचे, "आज दिला त्यांनी." बुटाची गाठ त्यांना सुटत नसे. काकू खाली बसून ती सोडवायच्या.

मला मास्तरांचाही राग येत होता. ज्या माणसाला नुसत्या नजरेनं अर्ध्या बोटाचा फरक कळतो, त्याला पावलाचा फरक दिसला नसेल? दिसला होता. पण 'दिला' हा शब्द कानावर पडला की त्यांचे ताठलेले खांदे खाली यायचे, हेही मी पाहत होतो. त्यांना मारायचं तर होतं, पण भीतीही वाटत होती. म्हणून ते रोज गप्प राहिले.

शेवटच्या दिवशी डॉक्टर समोर होते. आभाळ भरून आलं होतं, गवत ओलं होतं. शेवटच्या भोकापर्यंत दोघे बरोबरीत आले. डॉक्टरांचा चेंडू आत पडला. शेवटचा सामना जिंकेल त्याला कप, बरोबरी झाली तर आठवडाभरात जास्त जिंकलेल्याला. मास्तरांनी या फटक्यात घातला की बरोबरी, म्हणजे कप त्यांचा. त्यांचा चेंडू भोकापासून चांगलाच लांब होता. मास्तर मला घेऊन पुढे होतात न होतात, तोच डॉक्टरांनी वाकून तो चेंडू उचलला. "दिला. चला, कप तुमचा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर हलले नाहीत.

"ठेवा तो तिथं," ते म्हणाले.

"मास्तर, जाऊ द्या ना. पाऊस येतोय."

मास्तर गुडघ्यावर बसले. त्यांनी माझं डोकं भोकाशी टेकवलं आणि मला गवतावर आडवं केलं. कातडं सुरू झालं, अख्खं संपलं, आणि डॉक्टरांनी चेंडू उचललेली जागा त्याच्याही पलीकडे राहिली.

"डॉक्टर, हे माप कुणाचं?" मास्तरांचा आवाज चढलेला नव्हता. "जन्मभर मी गिऱ्हाइकाला सांगत आलो, अंगाबरोबर घ्या, ढगळ नको. मला मात्र तुम्ही आठवडाभर ढगळ घालून मिरवलंत. आणि मीही मिरवलो."

डॉक्टरांनी चेंडू जागेवर ठेवला. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

मास्तरांनी मला धरलं. मी जीव तोडून सरळ राहायचा प्रयत्न केला, पण काठीचं बळ ते किती. चेंडू भोकाच्या बाजूनं पुढे निघून गेला. मास्तर वळसा घालून पलीकडे गेले. कप तर गेलाच होता, पण त्यांना तो आवाज ऐकायचा होता. दुसऱ्यांदा चेंडू भोकाशी वळला आणि वीतभर अलीकडे थांबला. आता तो बिनतक्रार माझ्या मापात होता. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आता 'दिला' म्हणायची कुणाची छाती होईना. हेडबाई स्वतःच्या बुटांकडे बघत राहिल्या.

मास्तर तिसऱ्यांदा उभे राहिले. माझं डोकं चेंडूमागे ठरेना, गवतावर नुसतं टकटक करत राहिलं. खूप वेळ तसाच गेला. मग त्यांनी मान वर केली.

"आता मापात आहे," ते म्हणाले. "आता द्या की."

डॉक्टर म्हणाले, "दिला."

मास्तरांनी स्वतः वाकून चेंडू उचलला, खिशात टाकला, आणि बाजूला ठेवलेला कप डॉक्टरांच्या हातात दिला. "घ्या. जिंकलात." पावसात सगळे आपापल्या वाटेनं गेले. त्या दिवशी चहाला कुणी थांबलं नाही.

आता मी दाराशी कोपऱ्यात असतो. घरातल्या घरात चालताना मास्तर मला उलटा धरतात. माझं पितळी डोकं त्यांच्या तळव्यात आणि कातडं जमिनीला. काकूंनी खाली स्टुलाच्या पायाचं रबरी टोपण बसवलंय, तरी कातडं झिजतंच आहे. मापाची कड तेवढी वर शाबूत आहे. तो 'टुक' आवाज मी पुन्हा ऐकला नाही, आता ऐकणारही नाही. याचं दुःख होतं, खोटं कशाला बोलू?

रोज सकाळी मास्तर आरशासमोर सदरा घालतात. बटणं लावायला त्यांना फार वेळ लागतो. काकू मागे उभ्या असतात, हात पदरात गुंडाळून, ओठ घट्ट मिटून. त्यांचा जीव वरखाली होतो ते मला कोपऱ्यातून दिसतं, पण त्या पुढे होत नाहीत. बाकीची बटणं कशीबशी लागतात. गळ्याशी येईपर्यंत मास्तरांची बोटं थकतात. मग ते आरशातूनच म्हणतात, "हे एक देतेस?"

काकू पुढे येतात आणि ते बटण लावतात.

तुमच्याही घरी असं एखादं माणूस असेल. त्याचा चेंडू घाईघाईनं उचलू नका. त्याला तो मारू द्या, चुकू द्या. त्यानं मागितलं की मात्र लगेच द्या. एवढंच माझं मागणं. मास्तर उठले वाटतं, त्यांचा हात मला शोधतोय.