बिनदाराच्या गावात आलेलं कुलूप

मित्रांनो, नाक मुरडू नका! आज मी एक म्हातारं, गंजकं कुलूप असलो, तरी ऐन लढाईच्या काळात भिंगारच्या बाजारात जन्मलोय. तेव्हा लोखंड मिळेना, म्हणून नूरमहंमदचाचांनी मला फुटक्या घमेल्यापासून घडवलं. "हत्तीनं ओढलं तरी उघडायचं नाही!" असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे आणि मी फुगून जायचो.

पुढे झालं काय, चांगुणा नावाच्या नव्या नवरीच्या पेटीतून मी थेट शनिशिंगणापुरात पोचलो. जिथं घरांना दारंच नाहीत, तिथं मी! टकल्याच्या घरी फणी जावी तसा. कित्येक दिवस पडून होतो. मग एका सकाळी चांगुणानं मला पेटीला लावलं आणि घरात भडका उडाला.

"शनिदेवाच्या गावात कुलूप? आमी काय चोर हाय व्हय?" सासूबाई लंकाबाई कडाडल्या. "जुंपा गाडी! घाला हिला माहेरी!"

चांगुणा खाली मान घालून मुसमुसत राहिली. शेजारच्या कडूबाईंनी आणखी तेल ओतलं, "आत सोनं आसंल. न्हाईतर करणीचं सामान!"

तेवढ्यात शाळकरी नणंद पुष्पा पुढे आली. "कडूकाकू, सोनं दिसलं का तुमाला? न्हाई ना? मग दिसतंय तेवढ्यावरच बोला. किल्ली तर पेटीच्या कडीलाच बांधलीय!"

"इसरली आसंल."

"गाठ मारून इसरली? चोराला भ्याली आसती, तर किल्ली कमरेला खोचली आसती. ही पेटी कुनालाबी उघडता येती. मग किल्ली फिरवता न येणारं घरात कोण हाय?" तिनं पेटीमागच्या लेंड्यांकडे बोट दाखवलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. लंकाबाईंच्या माहेराहून आलेली लाडकी शेळी निवांत रवंथ करत होती.

"माजी गुणाची शेळी? शक्यच न्हाई!" लंकाबाईंनी मला काढून बाजूला ठेवलं. "बघाच आता!"

शेळीनं उठून शिंगानं झाकण उचललं आणि लंकाबाईंनीच सुनेला दिलेलं लुगडं चघळायला सुरुवात केली.

"गाडीचं बैल सोडा रे!" लंकाबाई ओरडल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोरी, सांगायचं न्हाई का?"

"तुमच्या म्हायेरची ना ती, आत्याबाई," चांगुणा पुटपुटली. "नावं कशी ठिवू?"

त्या दिवसापासून मी शेळीच्या साखळीला लागलो. अख्ख्या गावात कुलपात राहणारी ती एकटीच!

म्हणून सांगतो मित्रांनो, कुणावर आळ घेण्याआधी समोरच्या सगळ्या खुणांना जुळेल तेच कारण धरा. आणि अधूनमधून मला तेलाचा थेंब द्या. हल्ली त्या शेळीची पणती मला चाटत असते. तिची माया खरी, पण गंज वाढतो हो!