अबोल्यावर जगलेली वाट

मी एक वाट बोलतेय. पायवाट. पण मी कुठे जाते असं विचारलंत तर मला उत्तर देता येणार नाही, कारण मी कुठेच जात नाही. दीपगृहाच्या दारातून निघते, समुद्राच्या कडेकडेने चालते, जंगलात शिरते, शेतांमधून बाहेर पडते आणि फिरून त्याच दारात येऊन उभी राहते. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी परत आपल्याच घरी. इतक्यासाठी एवढी तंगडतोड कशाला, असं काही शहाणे विचारतात. त्यांनी बसने जावं.

मला कुणी बांधलेलं नाही. माझ्या उद्घाटनाला फीत कापायला कुणी आलं नव्हतं. टोपलीत मासे घेऊन शेतांकडे निघालेल्या बायका, सरपणाच्या मोळ्या आणणारी माणसं, खारं गवत चाटायला किनाऱ्यावर येणाऱ्या मेंढ्या, या सगळ्यांनी मिळून मला हळूहळू झिजवलं, आणि झिजले तशी मी दिसू लागले. माणसं झिजली की म्हातारी होतात. आम्ही वाटा झिजलो की जन्माला येतो.

माझ्यावर चालायची एक रीत होती. सगळे एकाच दिशेने चालत. आधी समुद्र, मग जंगल, मग शेतं. किनाऱ्यावर वारा पाठीत बसतो आणि पुढे ढकलतो, म्हणून. शिवाय जंगलात शिरताना लाल मातीचा एक उभा चढ आहे. तो चढायला सोपा. उतरायला गेलं की पाय घसरून माणूस थेट खाली. त्यामुळे उलटं कुणी जात नसे. लहान मुलांनाही सांगितलेलं असे, "उलटा गेलास तर हाडं गोळा करायला मी येणार नाही."

रीत सोयीची होती, पण तिच्यामुळे माझ्यावर कधी कुणी समोरासमोर भेटलं नाही. सगळ्यांनी सगळ्यांच्या पाठीच पाहिल्या. दिवसभर माणसं अंगावरून जात, आणि तरी मला वाटे, इथे फार एकटं आहे.

मग शेतांकडे जाणारा डांबरी रस्ता झाला, बस सुरू झाली आणि टोपल्या बसच्या टपावर चढल्या. काही वर्षं हौशी भटके येत राहिले. एकाच खडकावर बसून डबे उघडत आणि "किती शांत आहे ना इथे!" असं इतक्या जोरात ओरडत, की झाडांवरचे पक्षी उडून जात. एका वादळात माझी समुद्राकडची कड थोडी ढासळली, तिथे 'धोका' लिहिलेली पाटी लागली, आणि तेही यायचे थांबले.

उरला एक मेंढपाळ आणि त्याच्या मेंढ्या. आणि दोन माणसं.

एक दिवेवाला. दीपगृहाचा दिवा सांभाळण्यात त्याचा जन्म गेला. बायको गेल्यावर तो दीपगृहाशेजारच्या सरकारी खोलीत एकटाच राहत होता. आणि दुसरी त्याची धाकटी बहीण, मधवाली. बरोबर माझ्या दुसऱ्या टोकाला, शेतांच्या कडेला तिचं घर, अंगणात मधमाश्यांच्या पेट्या. टोक म्हणायचं आपलं, गोलाला कसलं आलंय टोक!

दोघांमध्ये अनेक वर्षांचा अबोला होता. त्यांची आई बहिणीकडे होती. ती शेवटच्या घटका मोजत असताना बहिणीने दादाला निरोप धाडला. पण त्याच वेळी वादळ उठलं, होड्या समुद्रात होत्या, आणि दिवा सोडून त्याला हलता येईना. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. "तुला दिवा आईपेक्षा जवळचा," ती म्हणाली. "त्या दिव्यामुळे कुणाची तरी मुलं आईकडे पोचली असतील," तो म्हणाला. दोघंही खरंच बोलत होती, म्हणून तर भांडण मिटेना. त्यानंतर एकापुढे दुसऱ्याचं नाव काढलं की अंगावर धावून यायची. शेवटी लोकांनीही नाव काढणं सोडून दिलं.

आणि तरीही दर रविवारी सकाळी तो त्याच्या दारातून निघायचा, ती तिच्या दारातून. तो म्हणायचा, पाय मोकळे करतो. ती म्हणायची, गुडघ्यांना चालणं चांगलं. दुपारी तो तिच्या फाटकाशी पोचायचा, तेव्हा ती त्याच्या दारापुढे उभी असायची. दोन्ही दारांना कुलूप. थोडा वेळ थांबायची, मग पुढे चालू लागायची. गोल एक, दिशा एक, चालही जवळपास सारखी. भेटणार कशी?

तिच्या फाटकातून सकाळी बाहेर पडलेली पावलं त्याला मातीत दिसत. "मी येणार म्हणून पळाली," तो स्वतःशी पुटपुटायचा. त्याच्या दारातून निघालेल्या काठीचे ठसे तिला वाळूत दिसत. "मला टाळतो मेला," ती म्हणायची. पुढे तिची पावलं तिच्या घरानंतर लागणाऱ्या ओढ्यापलीकडच्या खडीवर हरवत, त्याची किनाऱ्याच्या खडकावर, नाहीतर जंगलातल्या पानांखाली. त्याच्या दारातल्या तिच्या खुणा संध्याकाळचा वारा वाळूबरोबर उडवून न्यायचा, आणि तिच्या दारातल्या त्याच्या खुणा घरी परतणाऱ्या मेंढ्या तुडवून टाकायच्या. जाण्याच्या खुणा तेवढ्या राहायच्या, येण्याच्या पुसल्या जायच्या.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण मला तोंड नाही. अंगावर लिहिलेलं मला वाचता येतं, वाचून दाखवता येत नाही. याहून एकटं काय असतं, सांगा.

एके दिवशी दिवेवाल्याची मुलगी आली. दूर कुठेतरी शिकून आलेली, शहरात नोकरीला लागलेली. दिवा आता आपोआप पेटत होता, माणसाची गरज उरली नव्हती. दिवेवाल्याला खोली सोडायची होती. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी ती त्याला शहरात नेणार होती, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. तो "बरं" म्हणाला. पण त्या संध्याकाळी माझ्या कडेला उभा राहून शेतांच्या दिशेने बघत राहिला. जाण्याआधी एकदा तिला भेटायचं होतं त्याला. मुलीपाशी ते त्याच्या तोंडून निघेना.

रविवारी तो नेहमीसारखा निघून गेला. मुलगी उशिरा उठली. बाबांना गाठू म्हणून बाहेर आली आणि खुशाल उलट्या दिशेने चालू लागली. "गोलच तर आहे, कुठून का होईना, भेटतील!" एवढी वर्षं माझ्या अंगावर असं कुणी सरळ बोललं नव्हतं.

ओढ्याजवळ समोरून मधवाली आली. माझ्यावर दोन माणसं समोरासमोर आली! मी श्वास रोखला.

"आत्या?"

"अगं बाई! तू कधी उगवलीस? किती वाळलीस! जेवायला घालत नाहीत वाटतं तिकडे?"

"तू इकडे कुठे?"

"कुठे नाही. गुडघ्यांसाठी चालते. आता वाटेत त्याचं घर येतं, त्याला मी काय करू?"

"मग आत का येत नाहीस?"

"आत! कुलूप असतं. रविवारी मी येणार हे बरोबर कळतं त्याला."

"अगं, बाबा तर रविवारी..." मुलगी मध्येच थांबली आणि हसत सुटली. "आत्या, ते आत्ता तुझ्या फाटकाशी असतील! आणि पुढचा रविवार झाला की मी त्यांना शहरात नेतेय, माझ्या तिसऱ्या मजल्यावर."

"तुझं आपलं काहीतरीच," मधवाली म्हणाली आणि ताठ मानेने पुढे गेली. पण खडीवर तिचा पाय दोनदा अडखळला.

फाटकाशी मुलीला वडील सापडले, जमिनीकडे बघत उभे.

"ही बघ पावलं," तो म्हणाला. "माझी चाहूल लागली की पळते."

"बाबा, ती पावलं तुमच्याच दाराकडे गेलीत! ती आत्ता भेटली मला. अहो, दोघं एकाच दिशेने चालत राहिलात तर जन्मभर एकमेकांच्या मागेच असाल!"

उरलेली वाट तो इतक्या झपाझप चालला, की मुलीला गाठताना दम लागला.

शेवटचा रविवार आला. मुलगी आत कपबश्या कागदात गुंडाळत होती. "पाय मोकळे करून येतो," म्हणून तो बाहेर पडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा उलटा वळला. ती चालत येईल, मी समोरून जाईन, असा त्याचा बेत. मी आनंदाने फुलले. आणि त्याच क्षणी दुसऱ्या टोकाला मला मधवालीची पावलं जाणवली. तीसुद्धा उलटी वळली होती. जंगलाकडे! त्याला समोरून गाठायला!

मी ओरडले असते. अंगावर एवढे दगड असून काय उपयोग, एकही उचलून फेकता येईना.

तिने तो लाल उतार धरला. दोनदा घसरली, झाडाची मुळं धरून सावरली, गुडघ्यापर्यंत चिखल माखून किनाऱ्यावर उतरली, आणि समोरच्या वाऱ्याशी भांडत दीपगृहापाशी पोचली. दारात मुलगी.

"आत्या! तू इकडून कशी? बाबा कुठेत?"

"कुठे म्हणजे? वाटेत भेटला नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मधवाली मटकन पायरीवर बसली आणि हसू लागली. हसता हसता तिचे डोळे कधी वाहू लागले ते तिलाही कळलं नाही. "चल," ती डोळे पुसत म्हणाली. "उद्या जाणार ना तो? चल लवकर."

तिकडे तो तिच्या फाटकाशी उभा होता. पुन्हा कुलूप. त्याने सवयीने खाली पाहिलं. पावलं होती, पण आज जंगलाच्या बाजूला तोंड करून. तो वाकला, काठीने एका पावलाभोवती रेघ ओढली. आणि त्याला उमगलं. तो जंगलाच्या दिशेने चार पावलं गेला, मागे फिरला, पुन्हा गेला, पुन्हा फिरला.

बस, मी म्हटलं. वाटेने चालणाऱ्याला बस म्हणायचं म्हणजे आपल्याच पोटावर पाय देणं. पण म्हटलं. एवढं एकदा बस.

त्याने फाटक उघडलं, अंगण ओलांडलं आणि तिच्या पायरीवर जाऊन बसला. मधमाश्या त्याच्याभोवती घोंगावल्या, तरी तो हलला नाही. ऊन कलेपर्यंत बसून राहिला.

ओढ्याकडून त्या दोघी आल्या. मुलगी फाटकाशीच थांबली. मधवाली पायरीपर्यंत गेली.

"दार बंद होतं," तो म्हणाला.

"किल्ली माझ्याकडे असते. सरक, उघडू दे."

तो सरकला. ती काही उघडेना.

"उतारावरून आलीस? घसरलीस?"

"घसरले. तुला काय त्याचं?"

"लागलं का, चिमे?"

त्या नावाने तिला हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी बसली. पायावरचा चिखल खरवडत तिने विचारलं, "दादा, त्या वादळात बाहेर होड्या होत्या ना? परत आल्या?"

"आल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस मला. आई असती तर तिलाही बरं वाटलं असतं ऐकून." तिने किल्ली काढली. "तिसऱ्या मजल्यावर काय करणार आहेस तू? खिडकीतून लोकांचं वाळत घातलेलं बघत बसणार? आईची खोली रिकामी आहे. म्हणजे, रिकाम्या पेट्या भरल्यात तिच्यात. एकटीला उचलत नाहीत."

तो उठला, कोपरापर्यंत बाह्या सारल्या आणि आत गेला. फाटकाशी उभी असलेली मुलगी तोंड फिरवून माझ्याकडे बघत राहिली.

सोमवारी ती एकटीच शहरात गेली. जाताना माझ्यावर उभी राहून म्हणाली, "हिला जपायला हवं." मनापासून म्हणाली. पण तिची सुट्टी संपली होती.

तेव्हापासून रविवार येतात आणि जातात. ती दोघं अंगणात बसून पेट्यांवरून वाद घालतात, आवाज माझ्यापर्यंत येतो. भेटायला आता कुणाला चालावं लागत नाही. मला तेव्हा कळलं नव्हतं, पण इतकी वर्षं मी त्यांच्या अबोल्यावर जगत होते. तो मिटला याचं मला दुःख नाही. खरंच नाही. पुन्हा तीच वेळ आली तरी मी त्याला बसच म्हणेन.

पण मेंढपाळानेही आता मेंढ्या विकायला काढल्यात. चढावर नेचे वाकून आलेत, किनाऱ्याकडच्या अंगावर वाळू चढतेय. वाट एका दिवसात मरत नाही. आधी अरुंद होते, मग अंधूक होते, आणि मग एखादा म्हणतो, इथून पूर्वी कुठेतरी जाता येत होतं.

म्हणून तुम्हाला सांगते. कुणावर रागावला असाल तर माझ्यावरून चाला. राग बराच झिजतो. रागावला नसाल तर नुसते या. मी तुम्हाला कुठेही पोचवणार नाही, संध्याकाळी तुमच्याच दारात आणून सोडेन. गवत अजून गुडघ्याइतकं वाढलेलं नाही. नीट पाहिलंत तर अजून मी दिसते.