सूर्याकडे झाडलेली रेष

"रेष सरकली कशी, काका?" टोपीवाल्या संशोधकाने जुना फोटो त्यांच्या नाकासमोर धरला.

काका एकतीस वर्षं या माळावर झाडू मारत होते. प्राचीन लोकांनी काळे खडे बाजूला सारून खालच्या पांढुरक्या जमिनीत मैलभर लांबीची चित्रं काढली. वारा ते खडे परत आणतो, काका ते परत सारतात. नोकरी एवढीच. मिळाली तशी रेष पुढच्याच्या हाती सोपवायची, एवढाच काय तो अभिमान.

फोटोतली रेष टेकडीला डावीकडून वळसा घालत होती. समोरची थेट माथ्यावर जात होती.

"कोण म्हणतं सरकली?" प्राध्यापक धापा टाकत आले. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य नेमका या रेषेच्या टोकाला उगवतो, सबब हे आकाशाचं कॅलेंडर, हा त्यांचा सिद्धान्त. टोपीवाल्याच्या मते निव्वळ योगायोग. दोघे वीस वर्षं एकमेकांचा तळटीपांतून उद्धार करत आले होते.

"सर, तुम्हीच सांगितलं होतंत ना, सूर्य इथेच उगवतो म्हणून," काका चाचरत म्हणाले. "मग मी दरवर्षी त्या दिवशी सूर्याकडे बघूनच झाडायचो. रेष थोडी चुकायची. वाटलं, वाऱ्यानं बिघडवली. वीतवीत सरळ करत आणली."

टोपीवाल्याला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "हे लिहून द्या!"

"ऊन लागलंय तुम्हाला, काका. घरी जा," प्राध्यापक म्हणाले.

काकांनी लिहून दिलं. मग विचारलं, "होती तशी परत करू? दोन-तीन वर्षं लागतील."

"हात लावू नका!" दोघे एकदम ओरडले. वीस वर्षांतलं त्यांचं हे पहिलं एकमत.

आठवड्याभरात काकांची नोकरी गेली आणि माळाभोवती दोरी आली.

टोपीवाल्याचं पुस्तक वर्षाने आलं. अक्षर बारीक, म्हणून काकांना त्यांची मुलगी वाचून दाखवत होती.

"माझं नाव आलं?"

"नाव नाही. तळटीप आहे. 'अप्रशिक्षित व्यक्तीचा हस्तक्षेप.'"

"तो मीच ना?"

"तुम्हीच, बाबा."



"एकतीस वर्षं, असं लिहिलंय का कुठे?"

मुलीने पान उलटलं. पुढचं प्रकरण दुसऱ्या रेषेवर होतं.