झाकलेली टोपली

पक्ष्यांसाठी उंदीरमुक्त केलेल्या बेटावर उंदराची पावलं उमटली आणि ऑकलंडच्या धक्क्यावरच्या स्वयंसेवकांच्या कचेरीत जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघू लागला. जमिनीलगतच्या ढोल्यांमध्ये तिएके पक्ष्यांच्या माद्या अंड्यांवर बसलेल्या. उंदराला भ्यायचं असतं हेच त्या बिचाऱ्यांना ठाऊक नाही! एक गाभण उंदरीण पोचली, की वीस वर्षांची मेहनत मातीत.

"आपल्यातलं कोणी नाही. पाहुण्यांनीच आणला," नोएलीन पास्को म्हणाली. बोटीत चढण्याआधी बंद खोलीत सगळ्यांचं सामान तपासण्याचं काम तिचं होतं.

शनिवारी त्या खोलीत फोलाऊ नावाचा टोंगाचा गवंडी म्हाताऱ्या आईला घेऊन आला. आईची नजर दिवसेंदिवस अधू होत होती. काही दिसतंय तोवर तिला ते पक्षी बघायचे होते. सोबत गुंडाळलेली चटई आणि जेवणाचं पातेलं. नोएलीनने चटई तीनदा झटकायला लावली, म्हातारीच्या चपला दोनदा घासायला लावल्या. काहीच निघालं नाही. तिचा संशय उलट वाढला.

"या चटईचा काही भरवसा नाही. आज तुम्हाला जाता येणार नाही."

"बाई, चटई इथे ठेवतो हवी तर. आईला तेवढं जाऊ द्या," फोलाऊ अजिजीने म्हणाला.

"नाही म्हणजे नाही!"

कोपऱ्यात रिपेका बसली होती. बेट तिच्या माओरी पूर्वजांचं, म्हणून सगळे तिला मानाने 'मावशी' म्हणत.

"नोएलीन, त्यांचं सगळं बघून झालं ना? मग आता तुझी टोपली उघड."

बेटावरच्या चहासाठी प्रत्येक स्वयंसेवकाने घरचं काहीतरी करून टोपलीत आणायचं, ही तिथली जुनी रीत. वर फडकं झाकलेलं असायचं, आणि ते उचलून बघणं म्हणजे घरातल्या बाईचा अपमानच.

"मावशी, माझ्या केकवर संशय? बारा वर्षं आणतेय मी!"

"आणि बारा वर्षांत कोणी उघडून पाहिलं? उंदीर काय चेहरा बघून बसतो, बाई? तो ओळखीच्याच्या टोपलीत जास्त सुखाने बसेल. तिथे त्याला कोणी हटकत नाही."

"घे, बघ तर मग!" नोएलीनने रागारागाने फडकं ओढलं. केकचा डबा उचलला. खाली अस्तर कुरतडलेलं होतं, काळ्या लेंड्या होत्या, आणि त्यातून एक करडा उंदीर टुणकन उडी मारून जमिनीवर पळाला!

एकच आरडाओरडा झाला. नोएलीन बाकावर चढली. दार बंद होतं म्हणून बरं! उंदीर पायाशी येताच फोलाऊच्या आईने शांतपणे पातेल्याचं झाकण त्याच्यावर आपटलं आणि वर पाय ठेवला.

"आमच्या कोंबड्यांच्या खाद्याजवळ असते ही टोपली," नोएलीन रडवेल्या आवाजात म्हणाली. "गेल्या शनिवारीही हीच नेली होती. अरे देवा, ती पावलं... मीच नेली तिथे!" ती बाकावरून उतरून म्हातारीसमोर आली. "माझं चुकलं, आई. मला माफ करा. तुम्ही जा, माझी जागा घ्या. मी आज बेटावर पाऊल ठेवणार नाही."

"केक मात्र वाया गेला ग तुझा," म्हातारी हळहळली.

मित्रहो, आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही खोड काही एकट्या नोएलीनची नव्हे. परका दिसला की आपण त्याची चटई झटकतो, आणि घरच्यांच्या फडक्याला हात लावायचीही आपल्याला लाज वाटते. राखणदाराने पहिली झडती स्वतःची घ्यावी. दुसऱ्याला हटकण्याचा हक्क त्यानंतरचा.

बेटावरचा तो उंदीर अजून सापडायचा होता. सापळे घेऊन गॅव्हिन निघाला; नोएलीनचा जुना सहकारी, बगलेत बिस्किटांचा डबा.

"गॅव्हिन, डबा उघड."

"अगं, मी तर आपलाच ना!"

"म्हणूनच!" नोएलीन म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.